पाखरांची शिरगणती

आमच्या गावाला नदी नाही. पैनगंगा आहे, कयाधू आहे, पण त्या दुसऱ्यांच्या शिवारातून जातात. आमच्या वाट्याला आला तो एक पाझर तलाव. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर तो खोदला गेला. माझी आजी त्या कामावर खडी फोडायला होती. मजुरी किती मिळे हे तिला आता आठवत नाही. सुकडीची चव मात्र आठवते. या तलावात हिवाळ्याच्या दिवसांत पाखरे उतरतात. लहानपणापासून ती पाहत आले असल्यामुळे त्यांच्याकडे मी कधी पाहिलेच नाही, असे म्हटले तरी चालेल.

या लेखाला निमित्त झाले ते माझ्याच एका लबाडीचे. ती आधी सांगून टाकते. पदवीच्या वर्गात आपल्याला पर्यावरणाचा एक प्रकल्प करावा लागतो. मी विषय घेतला होता, आमच्या तलावावरील पक्ष्यांचे निरीक्षण. नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी असे तीन महिन्यांचे तक्ते जोडले, पट्टीने रेघा आखल्या, बगळे इतके, बदके इतकी, टिबुकल्या इतक्या, असे आकडे भरले. खाली निष्कर्षही लिहिला की पक्ष्यांची संख्या वाढत आहे. त्या तीन महिन्यांत मी तलावाकडे एकदाही गेले नव्हते. गुण चांगले मिळाले आणि तो विषय माझ्या डोक्यातून गेला.

यंदा ग्रंथालयात डॉ. सलीम अली यांच्या चरित्राची माहिती वाचण्यात आली आणि तो तक्ता पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला. सलीम अली हे नाव आपल्या मराठवाड्याला अपरिचित नाही. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दिल्ली दरवाज्याजवळच्या तलावाला त्यांचे नाव दिलेले आहे. सहलीला गेलेल्या आपल्यापैकी कित्येकांनी तो पाहिला असेल. परंतु हा माणूस ऐन उमेदीत, बिनपगारी, निजामाच्या मुलखात पाखरे पाहत हिंडला होता आणि त्या मुलखात त्या वेळी आपला नांदेड जिल्हाही होता, हे मला तरी माहीत नव्हते.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६ चा. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतल्या घरी या सगळ्या पोरक्या मुलांना वाढवले. घरात शिकारीचा नाद होता. दहा-बारा वर्षांच्या सलीमला एक हवेची बंदूक मिळाली आणि त्याने चिमण्या टिपायला सुरुवात केली. एक दिवस पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही चिमणी खायला चालेल की नाही, असा त्या मुलाला प्रश्न पडला. मामांनाही उत्तर देता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत पाठवले. तिथले चिटणीस मिलार्डसाहेब यांनी पाखराचे नाव सांगितले आणि एकेक खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. पीतकंठ चिमणीची ही गोष्ट आता शालेय पुस्तकांतूनही येऊन गेली आहे, म्हणून तिच्यावर फार रेंगाळत नाही. एवढेच म्हणते की खाण्याच्या शंकेतून एखाद्या मुलाचे आयुष्य ठरावे ही गंमत आहे, आणि त्या साहेबाने पोराला दारातून हाकलले असते तर काय झाले असते हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना दिलासा देणारी एक गोष्ट या चरित्रात आहे. सलीम अली कॉलेजात गेले, पण पहिल्याच वर्षी गणितातल्या लॉगॅरिथमने त्यांना घाम फोडला. पदवीचा नाद सोडून ते ब्रह्मदेशात तव्हॉय येथे गेले. तिथे भावांचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. धंद्यात लक्ष कमी आणि रानातल्या पाखरांत जास्त, असा प्रकार झाला. १९१७ साली मुंबईला परतल्यावर त्यांनी व्यापारी शिक्षणाबरोबर सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे धडे घेतले. १९१८ साली तहमीना बेगम यांच्याशी विवाह झाला. पुन्हा ब्रह्मदेश, पुन्हा धंदा, आणि अखेर तो बुडाला.

मुंबईत नोकरी शोधायची वेळ आली तेव्हा पदवी नसल्याचे दुःख कळले. सरकारच्या प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा होती, ती त्यांना मिळाली नाही. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये येणाऱ्यांना माहिती देण्याचे, व्याख्याने देण्याचे काम मिळाले. ते करीत असताना आपल्याला शास्त्र येत नाही ही टोचणी लागून त्यांनी रजा काढली आणि बर्लिन गाठले. तिथे प्राध्यापक स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली ते शिकले. हेलिगोलँड या समुद्रातल्या बेटावर पाखरांच्या पायांत कडी अडकवून त्यांचे प्रवास शोधण्याची पद्धत त्यांनी पाहिली. या कड्यांचा पुढे संबंध येणार आहे. १९३० साली परत आले तर म्युझियममधली जागाच पैशाअभावी बंद झालेली!

आता पाहा, वय चौतीस, पदवी नाही, नोकरी नाही, घरी पत्नी. आपल्याकडे अशा माणसाला लोक काय म्हणतात ते मी सांगायला नको. सलीम अली पत्नीसह अलिबागजवळच्या किहीमला समुद्रकाठी जाऊन राहिले. खर्च कमी होईल हा हिशेब होता. तिथे घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची घरटी होती. आडोशाला बसून त्यांनी ती दिवसेंदिवस पाहिली. कोण आले, कोण गेले, किती विणले, याची नोंद ठेवली. त्यातून असे निघाले की घरटे विणतो तो नर. तो ते अर्धवट विणून थांबतो, माद्या येऊन पाहणी करतात, एखादीला पसंत पडले की ती ते ताब्यात घेते, मग नर ते पुरे करतो आणि लगेच शेजारी दुसरे सुरू करून दुसरीची वाट पाहतो. सुगरणीचा खोपा तिच्या पिलांसाठी आपण शाळेपासून ऐकत आलो. विणकर मात्र सुगरण नसून तिचा नवरा आणि तोही असा! हे कुणाला दिसले नव्हते असे नाही. खोपे सगळ्यांच्याच विहिरीवर होते. बसून कुणी पाहिले नव्हते, लिहून कुणी ठेवले नव्हते, एवढेच.

यानंतर आला आपला मुलूख. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी करायची असे ठरले, पण तज्ज्ञाच्या पगाराला पैसे नव्हते. सलीम अलींनी कळवले की पगार नको, मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च तेवढा द्या. १९३१-३२ साली त्यांनी ही पाहणी केली. तहमीनाबाई मुक्कामावर बरोबर असत. सुखवस्तू घरातली ही बाई तंबूत संसार मांडून राहिली, त्याबद्दल चरित्रांतून चार ओळींपलीकडे फारसे लिहिलेले आढळत नाही, याचे मला वाईट वाटते. पाहणीचा वृत्तांत पुढे सोसायटीच्या नियतकालिकात क्रमाक्रमाने प्रसिद्ध झाला. त्या वेळी तेलंगणाबरोबर औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे त्याच संस्थानात होते. आमच्या पणजोबांच्या काळात सरकारी कागद उर्दूत निघत, मराठी शाळा शोधावी लागे, अशा मुलखात कुणीतरी पाखरांची नावे, ठिकाणे आणि तारखा लिहीत फिरत होता. त्या मुलखाचे राज्य गेले, सीमा गेल्या, तीन राज्यांत त्याची वाटणी झाली. पाखरांची ती यादी अजून उपयोगी पडते, कारण कोणते पाखरू पूर्वी कुठे होते हे विचारायचे तर जुन्या यादीखेरीज दुसरा साक्षीदार नाही.

याच पद्धतीने त्यांनी त्रावणकोर-कोचीन, म्हैसूर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, गुजरात असे संस्थानामागून संस्थान पालथे घातले. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तहमीनाबाई वारल्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेहुणे यांच्याकडे ते राहू लागले आणि कामात बुडाले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक निघाले. डिलन रिप्ले यांच्या सहकार्याने भारत-पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला, तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडत होते. पद्मभूषण, पद्मविभूषण, ब्रिटिश पक्षितज्ज्ञांच्या संघटनेचे सुवर्णपदक, राज्यसभेची जागा, ज्या माणसाला पदवी नाही म्हणून परत पाठवले त्याला विद्यापीठांच्या सन्माननीय पदव्या, हे सगळे यथाकाल आले. पॉल गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम मिळाली तीही त्यांनी संवर्धनाच्या कामाला दिली. या मानसन्मानांची यादी कोणत्याही माहितीपुस्तकात सापडेल. मला सांगायचे आहे ते भरतपूरबद्दल.

भरतपूर राजस्थानात आहे. तिथे केवलादेव महादेवाचे मंदिर आहे आणि त्याच्याभोवती सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटरचे पाणथळ रान. ते पुरते नैसर्गिक नाही. अजान बांधातून पाणी सोडून तिथल्या राजांनी हा उथळ तलाव राखला, तो बदकांच्या शिकारीसाठी. उत्तरेकडून, हिमालय ओलांडून येणारी बदके, हंस, करकोचे तिथे लाखाने उतरत. मंदिराजवळ दगडी पाट्यांवर शिकारीचे आकडे कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली, अशी नोंद तिथे आहे. तारीख वाचून मी थबकले. सलीम अलींचा तो बेचाळिसावा वाढदिवस. मोजणी राजेलोकही करीत होते म्हणायची, फक्त मेलेल्यांची.

इथे एक खुलासा करायला हवा. सलीम अली स्वतः बंदूक चालवीत. नमुने गोळा करण्यासाठी त्यांनी पुष्कळ पक्षी मारले आणि ते त्यांनी लपवलेही नाही. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला हे ऐकून धक्का बसला. मला स्वतःला असे वाटते की त्या काळात हाताशी पाखरू असल्याखेरीज त्याची जात नक्की ठरवणे कठीण होते, तरी ते सगळेच आवश्यक होते असेही छातीठोकपणे म्हणवत नाही. आपल्याला आवडणारा माणूस सोवळाच असला पाहिजे असा हट्ट कशाला?

स्वातंत्र्यानंतर भरतपूरचे पाणी काढून जमीन शेतीला द्यावी अशी मागणी झाली. सलीम अलींनी थेट पंडित नेहरूंपर्यंत शब्द टाकला आणि १९५६ साली ते अभयारण्य झाले. पुढे १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने पक्षिस्थलांतराचा मोठा प्रकल्प हाती घेतला. दोन वर्षांपूर्वी कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात एक जीवघेणा ताप निघाला होता आणि त्याचे गोचीड परदेशी पाखरे आणतात की काय असा संशय होता. बिहारकडचे पिढीजात पारधी, ज्यांना मीरशिकारी म्हणतात, ते पाखरांना इजा न होता जाळ्यात धरीत. प्रत्येकाच्या पायात अॅल्युमिनियमचे हलके कडे, कड्यावर क्रमांक आणि मुंबईचा पत्ता. मग पाखरू मोकळे. पुढे सोव्हिएत मुलखात, सैबेरियाच्या बाजूला, कुणाच्या तरी हाती ते कडे लागे आणि मुंबईला पत्र येई. आपल्या चक्रवाकाबद्दल काव्यात आपण वाचतो की रात्री त्या जोडीची ताटातूट होते. तो उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवर घरटे करतो हे काव्यात कुठे नसते.

वर्षानुवर्षे मोजत राहिले म्हणजे काय कळते, याचे सर्वांत कडवट उदाहरणही भरतपूरचेच आहे. पूर्वापार आसपासच्या गावांतल्या म्हशी त्या रानात चरायला येत. म्हशींमुळे पाणथळ जागा बिघडते, चराई बंद करावी, असे निसर्गप्रेमींचे मत होते आणि सलीम अलींचेही तेच होते. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली चराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. आम्ही शेतकऱ्यांची मुले, हा परिच्छेद वाचताना माझा हात थांबला. त्याच सुमारास, १९८० मध्ये, सोसायटीने त्या तळ्याचा दहा वर्षांचा अभ्यास सुरू केला होता. पाणी किती, गवत किती, कोणते पाखरू किती, अशा नोंदी दर वर्षी होत राहिल्या. तेव्हा असे दिसू लागले की म्हशी गेल्यावर पाण्यात एक गवत माजले, त्याने उघडे पाणी झाकून टाकले आणि पाण्यावर पोहणाऱ्या पाखरांना जागा उरेना. ज्या म्हशींना शत्रू ठरवले त्याच ते गवत खाऊन तळे मोकळे ठेवीत होत्या! हा अहवाल पुरा होऊन १९९१ साली आला. सलीम अली त्याआधीच, १९८७ मध्ये, नव्वद वर्षांचे होऊन गेले होते. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची परवानगी मिळाली.

यावर मी पुष्कळ विचार केला. आयुष्यभर ज्याने मोजायला शिकवले, त्याचाच अंदाज त्याच्याच संस्थेच्या मोजणीने खोटा पाडला. काहींना यात त्यांचा पराभव दिसेल. मला तसे वाटत नाही. परंतु जी माणसे गोळीबारात गेली त्यांच्या घरी हे सांगायला मी धजणार नाही, हेही तितकेच खरे. मोजणी आधी आणि बंदी मागाहून झाली असती तर? सैबेरियन करकोच्यांचे तर मोजता मोजता संपणेच लिहिले गेले. १९६० च्या दशकात भरतपूरला दीड-दोनशे येणारे हे पांढरेशुभ्र पक्षी कमी कमी होत गेले आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यानंतर तिथल्या वह्यांत त्या रकान्यात शून्य.

ज्या वर्षी सलीम अली गेले त्याच वर्षी, १९८७ मध्ये, आशियातल्या पाणपक्ष्यांची जानेवारीतली वार्षिक गणना सुरू झाली. आपल्या देशातही हौशी माणसे दर जानेवारीत आपापल्या तलावावर जाऊन मोजतात. नाशिकजवळचे नांदूर मध्यमेश्वर, पैठणचा नाथसागर, ही आपल्याकडची मोठी ठिकाणे. आपल्या भागात ईसापूरचे धरण आहेच. नियम साधे आहेत. ठिकाण तेच, महिना तोच, पद्धत तीच. थवा मोठा असेल तर आधी दहांचा किंवा पन्नासांचा एक तुकडा नीट मोजायचा, मग तसे तुकडे किती बसतात ते नजरेने पाहायचे. एका वर्षाच्या आकड्याला फारशी किंमत नाही. दहा, वीस वर्षांचे आकडे ओळीने लावले की तलाव सुधारतो आहे की मरतो आहे ते कळते. आणि मधला एक जरी आकडा कुणी घरी बसून लिहिला तर पुढच्या साऱ्या ओळीवर विश्वास ठेवता येत नाही.

म्हणून यंदा जानेवारीत मी चुलतभावाला घेऊन पहाटे तलावावर गेले. आजीही मागून आली. सरपण आणायचे म्हणून आली असे तिने सांगितले. दुर्बीण नव्हती. पहिल्यांदा मोजली तेव्हा पाखरे १४० भरली, दुसऱ्यांदा १७३, भावाची मोजणी १५५. ती पाण्यात बुडी मारतात, उडून पलीकडे बसतात, आणि सूर्य समोर आला की सगळीच काळी दिसतात. काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी ओळखायला सोपे. पिवळ्या टोकाच्या चोचीचे आणि तिच्या मुळाशी तांबडा ठिपका असलेले हळदीकुंकू बदक आजीने मला दाखवले. नाव तिला ठाऊक नव्हते, पण तलाव नवा होता तेव्हा हे पाखरू नव्हते, कालव्याचे पाणी आल्यावर दिसू लागले, असे ती म्हणाली. हे खरे की तिची समजूत, ते ठरवायला कुणाचीही वही नाही. मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश ग्रंथालयातून नेला होता, त्यामुळे नावे तरी नीट लिहिता आली.

चार रविवार गेल्यावर मी आमच्या सरांना जाऊन जुन्या प्रकल्पाची हकिगत सांगितली. ते रागावले नाहीत, हसले. असे बरेच जण करतात म्हणाले. ते ऐकून मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले. प्रकल्प विभागाच्या कपाटात होता. उद्या एखादी मुलगी आमच्याच तलावाचा विषय घेईल, तो गठ्ठा काढील आणि माझ्या आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहील, ही भीती मी त्यांना बोलून दाखवली. तेव्हा त्यांनी कपाट उघडून दिले. तक्त्यावर मी एक चिठ्ठी डकवली : हे आकडे मोजलेले नाहीत. खाली सही आणि तारीख घातली. नवी वही त्याच गठ्ठ्यात ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर, वारकरी ६२, टिबुकल्या ९, हळदीकुंकू १४, पाणकावळे ५, बगळे ३१, ओळखू न आलेली बदके ३४, चक्रवाक नाही. बरोबर भाऊ आणि आजी. धुके होते.